पानाचं वजन

"रिकामा पाळणा हलवू नये, शलाका."

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात चिनूची वाळलेली दुपटी. मी जमिनीवर बसून मोबाईल तिवईवर बसवत होते आणि समोर विजेवरचा पाळणा आपला आपण झुलत होता. त्याच्या बुडाशी बसवलेल्या डबीतून बारीक आवाजात गाणं चाललं होतं.

"मग काय चिनूला घालून शूटिंग करू? ती भोकाड पसरेल, आणि बटण कुठलं दाबायचं ते लोकांना दिसणारच नाही."

"बाळाच्या पोटात दुखतं म्हणतात."

"कुणाच्या बाळाच्या, आई? आत तर कुणीच नाही."

हे असं कॉलेजात शिकल्यासारखं बोललेलं त्यांना आवडत नसे. त्यांनी दुपटी खांद्यावर टाकली. "कुणाच्या तरी दुखतं," असं म्हणून त्या आत गेल्या. मी हसले आणि पुन्हा बटण दाबलं, कारण पहिल्या वेळी त्यांचा आवाज चित्रफितीत आला होता.

पाळण्याचं नाव गाईगाई. सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत मगदूम सरांचा छोटा कारखाना होता, तिथे तो तयार व्हायचा. पाळण्यासोबत छापील पुस्तिका देत नसत. बाजूला एक क्यूआर कोड चिकटवलेला असे, तो फोनने टिपला की माहितीची साइट उघडायची. ती साइट लिहायचं काम माझ्याकडे होतं. नवरा नोकरीसाठी सुरतेला, चिनू सहा महिन्यांची, त्यामुळे मी बहुतेक काम घरूनच करायचे. दुपारी कंपनीचा मदतीचा फोनही माझ्याचकडे वळवलेला असे.

साइट साधी होती. प्रत्येक पान म्हणजे एक फाईल. सगळ्या फाईली एका फोल्डरात ठेवायच्या, एक आज्ञा द्यायची, की त्यांची साइट तयार. ती बांधली होती कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या हफीज मुलाणीने. त्याने मला शिकवलं होतं की प्रत्येक फाईलच्या डोक्यावर दोन-तीन ओळी असतात. शीर्षक, तारीख आणि वजन. वजन म्हणजे एक आकडा. त्या आकड्यावरून पानाची यादीतली जागा ठरते.

वजन म्हटल्यावर मी वेगळं काय समजणार? आपल्याकडे वजनदार माणूस पुढच्या खुर्चीत बसतो. मी 'पाळणा कधी थांबवावा' या पानाला शंभर वजन दिलं. बाळ स्वतःच्या बळावर बसायला लागलं, किंवा नऊ किलोंच्या वर गेलं, की हा पाळणा वापरायचा नाही, कारण ते काठाला धरून उठतं आणि कलंडतं. त्या पानात एवढंच होतं. 'अभिनंदन' या पानाला दिलं दोन.

कारखान्यातल्या ऑफिसात बसून साइट तयार केली आणि यादी बघितली. अभिनंदन सगळ्यात वर. मग पाळण्याचे भाग, गाणी बदलणे, कापड धुणे, वॉरंटी. माझं शंभर वजनाचं पान तळाशी.

हफीज पलीकडच्या टेबलावरून मान लांब करून बघत होता. "उलटं असतंय मॅडम इथं. हलकं वर, जड खाली. जड पान बुडतं."

"हे कुठलं शास्त्र?"

"पाण्याचं. कृष्णाकाठी राहता ना तुम्ही?"

मी आकडा बदलायला फाईल उघडली, तोच खुर्चीच्या मागून मगदूम सरांचा आवाज आला.

"थांबा, थांबा. हात नका लावू. झकास दिसतंय की."

"सर, ते शेवटचं पान पहिलं पाहिजे. माझ्याकडून चुकून—"

"छान चुकलंय. अहो, लग्नपत्रिकेत वर गणपती घालतात की घटस्फोटाचा कायदा?"

हफीज हसला. मीही हसले. सर बोलायचे तसे लाघवी. कुणावर आवाज चढवल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"पण सर, बाळ बसायला लागलं की धोका आहे. आईला ते आधी कळलं पाहिजे."

"लिहिलंय ना? मग झालं. कुणी विचारलं तर आहे आपल्याकडे. माणसानं शेवटपर्यंत वाचायची सवय ठेवावी." माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी बोटांनी ताल धरला. "एक लेकरू काय झालं, जगाच्या आई झालात तुम्ही, शलाकामॅडम."

पान तिथेच राहिलं.

तो फोन आला तेव्हा चिनू माझ्या मांडीवर पीत होती. हल्ली ती टेकूशिवाय बसायला लागली होती. घरातला पाळणा मी थांबवला होता. मला माहीत होतं, मी लिहिलं होतं.

"गाईगाईचंच ऑफिस ना?" बाईचा आवाज. लहान वयाची वाटली.

"हो, बोला ताई. काय अडचण आहे?"

"अडचण नाही. एक विचारायचं होतं. ते थांबवायचं पान आहे ना तुमचं, ते कुठं असतं?"

मला बरंच वाटलं. कुणीतरी आपणहून विचारतंय. "केवढं आहे बाळ तुमचं?"

"आठवा लागला होता."

मी आपली पुढेच. "बसतं का?"

"बसली होती," ती म्हणाली. "एकटी बसली. म्हणून तर."

मग कुठे माझ्या कानावर तिचं ते 'होता' आणि 'होती' नीट पडलं. मी चिनूला खांद्यावर घेतलं. ती रडायला लागली, आणि फोनवरची बाई बोलायची थांबली. चिनूचं रडणं थांबेपर्यंत तिने वाट पाहिली.

तिचं नाव सुवर्णा. सासर ढालेवाडीला, आटपाडीच्या अलीकडे. मागच्या दारी ती धुणं धूत होती. "गाणं चालू होतं हो. ऐकू येत होतं मला. मधी उठून दारातनं बघितलंही. पाळणा हलतोय, म्हटलं निजलीय. परत एकदा येऊन बघितलं. हलतच होता." पोरगी पलीकडच्या बाजूने पडली होती, शहाबादी फरशीवर. दारातून ती बाजू दिसत नाही. "सगळं आवरून आले तर पाळणा रिकामाच हलत होता."

मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

मी काहीतरी म्हणाले असेन. काय ते आठवत नाही.

"रडायला फोन नाही केला मी," सुवर्णा म्हणाली. "सासरी म्हणतात, बारावी झालीस म्हणून मिरवत होतीस, मग वाचलं का नाहीस? मी वाचलं होतं. तिला पाजत वाचलं, वरनं. भाग वाचले. गाणी कशी बदलायची वाचलं. कापड धुवायचं वाचलं. मग ती उठली. ते थांबवायचं पान मला लागलंच नाही. आमचे मालक म्हणतात पान आहे, तू खोटं बोलतीस. म्हणून विचारते. कुठं होतं?"

"तुम्ही आत्ता उघडून बघितलं नाही का?"

"फोन मालकांच्या हातात आहे. मी माहेरी आहे, जोंधळमळ्याला. हा वडलांचा बटणाचा फोन."

तिचा थोरला मुलगा शंभू चार वर्षांचा. त्याला सासरच्यांनी ठेवून घेतलं होतं. एकीला सांभाळता आलं नाही ती दुसऱ्याला काय सांभाळणार, असं म्हणून. येत्या रविवारी दोन्हीकडची माणसं बसणार होती. शंभूला तिच्याकडे द्यायचं, की तिला नांदायला न्यायचं, की दोन्ही नाही, हे त्या बैठकीत ठरणार होतं.

"ते पान सगळ्यात खाली होतं, ताई," मी म्हणाले. "शेवटचं. वॉरंटीच्याही खाली. तुमची चूक नाही."



"असं तुम्ही सांगाल? माणसांसमोर?"

"सांगेन. रविवारी फोन करा. मी घरीच असते."

"नाव काय तुमचं?"

"शलाका."

"शलाकाताई. पाठ करून ठेवते."

शनिवारी सकाळी चिनूला कडेवर मारून मी कारखान्यात गेले. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर दुसरी घरं येत होती. कुठे कुठे पाळणे गेले असतील आणि कुठल्या कुठल्या मुली आज बसायला शिकत असतील. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"सर, ते पान आज वर गेलं पाहिजे. आत्ता. नाही म्हणालात तर मी काम सोडते."

सरांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. गाव, नाव, तिने काय विचारलं, मी काय सांगितलं, रविवारची बैठक, सगळं.  मी थांबल्यावर सर म्हणाले, "लेकरू गेलं?"

"हो."

"अरेरे." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि चिनूच्या हातात बिस्किट दिलं. "घ्या वर. माझी कुठं ना आहे? तुमच्या हातानंच घ्या. तेवढंच मन हलकं होईल."

मला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. मी फाईल उघडली, शंभरातली दोन शून्यं पुसली.

"तांबड्या अक्षरात करा," सर मागून म्हणाले. "ठळक दिसू दे. आणि हफीज, ती प्रत्येक पानाखाली 'शेवटचा बदल' म्हणून तारीख येते ना, ती ओळ काढून टाक रे सगळीकडची. घाण दिसते. दुधाच्या पिशवीसारखी."

हफीजने माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी चिनूच्या तोंडातून ओला झालेला बिस्किटाचा तुकडा काढत होते. त्याने ओळ काढली. मी आज्ञा दिली आणि साइट नव्याने तयार झाली. 'पाळणा कधी थांबवावा', पहिलं पान, लालभडक.

मला रडू आलं. सरांनी चिनूच्या डोक्यावरून हात फिरवला. "आईसारखी हट्टी होणार ही," म्हणाले, आणि ऊन आहे म्हणून आम्हाला स्वतःच्या गाडीने घरी सोडायला लावलं.

रविवारी दुपारी फोन आला तो अनोळखी नंबरवरून. सुवर्णाच्या नवऱ्याचा फोन होता. आवाज मोठा करून मधे ठेवला असावा, कारण एकाच वेळी चार-पाच माणसांचं खाकरणं ऐकू आलं. मागे कुठेतरी लहान मुलगा "आई" म्हणून हाक मारत होता आणि त्याला कुणीतरी आत नेत होतं.

"शलाका मॅडम का?" एका वयस्कर माणसाने विचारलं. "मी सुवर्णाचा चुलत सासरा. आमची सून म्हणतीया, तुम्ही कंपनीच्या. ते पान तळाला होतं असं तुम्ही म्हणालाय. खरं हाय का?"

"खरं आहे. शेवटचं पान होतं. तिला दिसणं शक्यच नव्हतं."

"बरं. मग आमच्याम्होरं हे काय हाय?"

कुणीतरी वाचायला लागलं, शाळेत वाचतात तसं, एकेका शब्दावर थांबून. "पाळणा. कधी. थांबवावा. बाळ स्वतःच्या बळावर बसू लागल्यास—"

"पयलंच पान हाय, मॅडम. तांबडं. आंधळ्याला दिसंल."

 "ते काल वर घेतलं. शनिवारी. मी स्वतः घेतलं."

"का?"

"म्हणजे, दुसऱ्या कुणाच्या बाळाला—"

"काल," तो म्हणाला. "तिनं तुमास्नी फोन केला, आन तुमी काल बदललं. आदी तळाला होतं."

"हो."

"कुणी बघितलंय आदीचं?"

"सुवर्णाताईंनी बघितलंय."

हसण्याचा आवाज आला. एक नाही, बऱ्याच माणसांचा. एक बाई म्हणाली, ती सासू असणार, "बाई बाईला धरून बोलती. शिकलेल्या दोघी."

मग एक तरुण आवाज जवळ आला. व्यवस्थित शहरी बोलणं. "वहिनींचा दीर बोलतोय. मी पुण्याला कंपनीत असतो, मला साइटचं थोडंफार कळतं. पान बदललं की खाली तारीख येते, मॅडम. बहुतेक साइटवर असते. इथे तारीखच नाही."

"ती पण काल काढली."

"ती पण काल काढली," त्याने सगळ्यांसाठी पुन्हा म्हटलं. चेष्टेने नाही, अगदी समजुतीने. "ठीक आहे, मॅडम. तुमचा हेतू चांगला आहे."

"थांबा. जुनी प्रत असते. मी उद्या मिळवून देते. उद्या दाखवते तुम्हाला."

"उद्या काय न् परवा काय," म्हातारा म्हणाला. "माणसं आज बसल्यात."

मग सुवर्णाचा आवाज आला. लांबून, दारापलीकडून आल्यासारखा. ती माझ्याशी बोलत नव्हती. "मी वाचलं होतं," ती म्हणाली. "वरनं वाचलं होतं मी."

"गप," कुणीतरी म्हणालं, आणि फोन बंद झाला.

मी तशीच बसून राहिले. सासूबाई आल्या, चिनूला माझ्याजवळून उचलून घेऊन गेल्या.  पाळणा कोपऱ्यात होता. थोड्या वेळाने त्या परत आल्या, त्याची वायर काढून गुंडाळली आणि तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

सोमवारी मी सरांसमोर उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं? वर घ्या म्हणून कोण आलं होतं भांडायला? मी नाही म्हणालो का तुम्हाला?"

"तारीख तुम्ही काढायला लावलीत."

"घाण दिसत होती." ते खरंच दुखावल्यासारखे बघत होते. "शलाकामॅडम, आता तुमचं पान वर आहे. उद्यापासून एकही लेकरू पडणार नाही. हे पुण्य कुणाच्या खात्यात गेलं? तुमच्याच ना?"

"मला जुनी प्रत हवी आहे. फक्त एक चित्र. त्या लोकांना दाखवायला."

"तुम्ही आता घरी बसा," सर फार मऊ आवाजात म्हणाले. "चिनू बसायला लागली ना? बघा हं. पडेल."

बाहेर हफीज गाडीच्या सावलीत उभा होता. सकाळीच त्याने जुनी प्रत काढायचा प्रयत्न केला होता. पासवर्ड बदलले होते, माझे आणि त्याचेही.

"शनिवारी तुला कळलं होतं," मी म्हणाले.

"मी बघितलं की तुमच्याकडं," तो म्हणाला. "तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

मी सुवर्णाच्या वडलांच्या नंबरवर फोन लावला. वडील म्हणाले, "ती नांदायला गेली सासरी. बैठकीत ठरलं तसं." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना पुन्हा विचारलं. "गेली, गेली," म्हणाले. म्हणजे शंभू तिला मिळाला. मग तिच्याशी बोलावं म्हणून मी नवऱ्याच्या नंबरवर लावला.

"ती माहेरी असते," तो म्हणाला, आणि ठेवून दिला.

मी पुन्हा वडलांना लावला. त्यांनी उचलला नाही. नंतर तो नंबर लागेनासा झाला.

त्या उन्हाळ्यात चिनूला सासूबाईंकडे ठेवून मी एसटीने ढालेवाडीला गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात एक मुलगा रिकाम्या डब्याला दोरी बांधून ओढत होता. ओसरीवर आमच्या कारखान्याचा पाळणा होता. त्यात कांदे भरून ठेवले होते. क्यूआर कोड अजून तसाच चिकटलेला होता.

"माहेरी सुखात आहे ती," सुवर्णाची सासू म्हणाली. "जा की, जाऊन बघा. जीपनं अर्धा तास लागंल."

"शंभू, तुझी आई कुठंय रे?" मी मुलाला विचारलं. त्याने आजीकडे बघितलं. मग डबा घेऊन घरामागे गेला.

जोंधळमळ्याला तिचे वडील बाजेवर बसले होते. मला पाणी दिलं. "सासरी नांदते पोरगी," म्हणाले. "लेकात रमलीय. कशाला येतीय हिकडं?"

"मी आत्ता तिथूनच आले. ते म्हणतात इथे आहे."

त्यांनी रिकामा तांब्या उचलला. "म्हणत असतील," म्हणाले. आतून कुणीतरी दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

गावच्या पोलीस पाटलाने मला बसायला खुर्ची दिली. "तुम्ही तिच्या कोण?" असं विचारलं, आणि मी नुसतं माझं नाव सांगितलं. "तक्रार कुणाचीच नाही, बाई. दोन्ही घरचे म्हणतात आहे. मग आहे."

चिनू आता चौथीत आहे. मी एका शाळेत शिकवते. दर वर्षी कधीतरी मी ते दोन नंबर लावून बघते. एक लागत नाही. दुसऱ्यावर आता वेगळीच माणसं बोलतात.

तुमच्यापैकी कुणी आटपाडीच्या बाजूला असाल, कामाला, लग्नाला, देवाला जात असाल, तर ढालेवाडीत तिचं सासर विचारा. सुवर्णा. बारावी झालेली. शंभूची आई. ते म्हणतील, माहेरी आहे. मग जोंधळमळ्याला जा. ते म्हणतील, सासरी आहे. कदाचित एखादे म्हणतील, इथंच आहे, आत काम करतेय, आवाज येतोय बघा.

तेवढ्यावर परत फिरू नका. आत जाऊन बघा.